कुट्टाप्पनचा राजीनामा

हे कुणालाही खरं वाटणार नाही, ते मी आधीच सांगून ठेवतो. माझ्या बायकोला वाटलं नाही. आमच्या पाद्रीबाबांना वाटलं नाही, आणि त्यांचा तर विश्वास ठेवणं हाच धंदा आहे. पण ज्याला हात नाहीत, पाय नाहीत, पोट नाही, अशा एका नोकराचा राजीनामा मी स्वतः लिहिला आणि एका दुपारीत मंजूर करून आणला. त्रिशूर जिल्ह्यात हे दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही.

"त्याला हात नव्हते म्हटल्यावर राजीनामा तुम्हीच लिहिणार ना, लोनप्पेट्टा," औसेप्प म्हणाला आणि त्यानं माझ्यापुढे काळा चहा ठेवला.

ओल्लूरच्या चर्चसमोर औसेप्पचं चहाचं दुकान आहे. मला तो लोनप्पेट्टा म्हणतो, म्हणजे लोनप्पनदादा. त्याला मधे बोलायची खोड आहे. वडे चांगले करतो म्हणून आम्ही सगळे सहन करतो.

तर मी तेव्हा त्रिशूरला रक्त तपासणाऱ्या एका कंपनीच्या कचेरीत होतो. गावोगावी त्यांची केंद्रं. सुया तिकडे टोचायच्या आणि रिपोर्ट आमच्या कचेरीतून हॉस्पिटलांना जायचे. माझं काम एकच. कॉम्प्युटरवर कुणाचं खातं उघडायचं, कुणाचं बंद करायचं, कुणाला कुठल्या दारातून आत सोडायचं आणि कुणाला नाही, ते बघायचं.

"म्हणजे वॉचमन," औसेप्प म्हणाला.

वॉचमनच. फक्त खुर्ची फिरती होती.

कचेरीत प्रसीता नावाची एक मुलगी होती. हुशार आणि तोंडानं फटकळ. तिनं एक रोबो बनवला. रोबो म्हटल्यावर डोळ्यांच्या जागी दिवे लावलेला पत्र्याचा माणूस डोळ्यांसमोर आणू नका. हा नुसता प्रोग्रॅम. पण माणसासारखाच वागायचा. आपला आपण लॉगिन करायचा, आमच्या पडद्यावरचा रिपोर्ट वाचायचा, हॉस्पिटलच्या पडद्यावर नेऊन भरायचा, की दुसरा उचलायचा. शेजारी कुणी बसायला नको, बटण दाबायला नको. कचेरीला कुलूप असलं तरी याचं काम चालूच.

एकच अडचण होती. आत शिरायला नाव आणि पासवर्ड लागतो, आणि रोबोला स्वतःचं नाव नव्हतं. प्रसीतानं त्याला स्वतःचं दिलं. कॉम्प्युटरच्या लेखी ती मुलगी दिवसरात्र एकटी खपत होती.

आता आमच्या थंकमणी चेचींचा नियम ऐका. चेची म्हणजे ताई, आणि या ताई आस्थापनेच्या बाई. रजा, हजेरी, बढती, सगळं त्यांच्या पदराला बांधलेलं. त्यांचा नियम असा, की जो रजेवर जाईल त्याचं खातं त्या दिवसापुरतं बंद. रजा म्हणजे रजा, उगाच घरून लुडबुड नको. नियम चांगला होता. पण प्रसीतानं रजा घेतली की तिचं खातं बंद, आणि रोबो दाराबाहेर उभा. इकडे रिपोर्ट अडकायचे, तिकडे डॉक्टर फोनवर ओरडायचे. शेवटी त्या मुलीनं रजा घेणंच सोडलं. ताप आला तरी कामावर. ओणमला सगळं गाव केळीच्या पानावर जेवत होतं आणि ही जरीकाठाची साडी नेसून कचेरीत डबा खात होती.

अशात तिचं लग्न ठरलं. मुलगा शारजात नोकरीला, नाव विनीश. त्याला रजा मिळाली होती ती जेमतेम लग्नापुरती. तारीख ठरली, गुरुवायूरच्या देवळात वेळ ठरली. प्रसीता रजा मागायला गेली.

"लग्न कर की, मोळे," थंकमणी चेची म्हणाल्या. आमच्याकडे लाडानं मुलीला मोळे म्हणतात, आणि चेची लाडात आल्या की समजावं, आता काहीतरी नाकारणार. "कोण नको म्हणतंय? पण तुझं खातं बंद राहणार. रिपोर्ट थांबले तर तुला बोलवावं लागेल."

"लग्नातून?"

"गुरुवायूर काय परदेशात आहे?"

प्रसीता तिथून उठली ती तडक माझ्याकडे. माझ्या टेबलावर केळ्याच्या भज्यांचा पुडा आपटला आणि म्हणाली, "लोनप्पेट्टा, माझ्या गळ्यात ताली बांधली जात असताना फोन वाजला ना, तर तो फोन तुमच्या डोक्यात घालीन. विनीशसमोर."

ताली म्हणजे आमच्याकडचं मंगळसूत्र. भजी मी खाल्ली म्हणजे जबाबदारीही माझ्यावर आली.

उपाय मला ठाऊक होता. जगात सगळीकडे करतात तोच. रोबोला त्याचं स्वतःचं खातं द्यायचं. सर्व्हिस अकाउंट म्हणतात त्याला. ते कुणा माणसाचं नसतं, म्हणून कुणाच्या रजेबरोबर बंद पडत नाही आणि कुणी नोकरी सोडली तर त्याच्याबरोबर जातही नाही. मी मोठ्या रुबाबात थंकमणी चेचींकडे गेलो.

"कुणाचं खातं हवंय?"

"कुणाचंच नाही. रोबोचं."

"कुणाचंच नाही? मग चूक झाली तर मी कान कुणाचा धरू?"

"चेची, रोबोला कान..."

"म्हणूनच विचारतेय. नियम काय आहे, लोनप्पन? एका खात्यामागे एक माणूस. माणूस दाखव, खातं घे."

तिथेच माझ्या डोक्यात किडा वळवळला. माणूसच दाखवायचा ना? दाखवू. मी म्हटलं, "लिहा. नाव, कुट्टाप्पन."

चेचींनी निमूट लिहिलं. खरंच. त्यांना रिकामा रकाना दिसला की भरावासा वाटतो, आत काय पडतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

"घराचं नाव?"

"ते राहू दे."

"राहू दे? घराचं नाव नसलेला माणूस मी जन्मात पाहिला नाही."

"हा माणूस नाहीये, चेची."

"मग तर पाहिजेच. लोक विचारतील, कुठून उचलून आणलात?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तेक्केक्करा." ते तर माझं घर! माझ्या आजोबांनी, पणजोबांनी राखलेलं नाव. पण तोवर चेचींचं टाइप करून झालं होतं. तेक्केक्करा कुट्टाप्पन, कारकून, कनिष्ठ. ओळखपत्रावर फोटो हवा म्हणून मी माझ्या भाच्याचा फोटो दिला. त्या दिवशी जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "या घराण्यात कामाला लागलेला एक तरी निघाला. असू दे."

"भाच्याला विचारलं होतं?" औसेप्पनं विचारलं.

औसेप्प, वड्याकडे बघ, करपतोय.

सुरुवातीचे दिवस झकास गेले. कुट्टाप्पन आपल्या नावानं आत यायचा, काम करायचा, जायचा. प्रसीतानं साड्या घ्यायला एक दिवस रजा घेतली, तरी कुणाला पत्ता लागला नाही. पण आस्थापनेच्या यंत्राला तो माणूस वाटत होता ना! त्याला आग विझवण्याच्या शिकवणीला बोलावणं आलं. त्याच्या नावावर किरकोळ रजा साठायला लागल्या. आणि त्याचा वाढदिवस आला. आमच्याकडे वाढदिवसाच्या दिवशी लॉगिन केलं की पडद्यावर केकचं चित्र येतं आणि खाली लिहिलेलं असतं, केक कापण्यासाठी इथे दाबा. कुट्टाप्पनला असलं काही शिकवलेलं नव्हतं. बिचारा सकाळपासून केकपुढे उभा. दुपारी प्रसीतानं जाऊन त्याच्या वतीनं केक कापला, तेव्हा कुठे रिपोर्ट हलले.

आणि सोयरिक! नव्या नोकरांचे फोटो दाराशी लावायची आमच्याकडे पद्धत. तो भाच्याचा फोटो बघून लग्नं जुळवणारा एक दलाल माझ्या घरी आला. छत्री दाराशी टेकवली आणि म्हणाला, "तेक्केक्करा घराण्यातला मुलगा नोकरीला लागला म्हणे."

"लागला."

"पितो?"

"थेंबसुद्धा नाही."

"सिगरेट? पत्ते?"

"नाव नको."

"पगार?"

"घेतच नाही."

"अरे वा, म्हणजे घरचं चांगलं दिसतंय. बोलायला कसा आहे?"

"तोंडातून शब्द काढत नाही. सांगितलं तेवढं करतो."

दलाल उठून उभा राहिला. "लोनप्पेट्टा, माझ्याकडे एक मुलगी आहे, तिची आई असल्याच जावयाच्या शोधात आहे." त्याला घालवता घालवता माझी पुरेवाट झाली. बायकोनं मात्र मुलीचा फोटो ठेवून घेतला, भाच्यासाठी.

असं सगळं मजेत चाललं होतं आणि लग्न उद्यावर आलं, तोच दुपारी बातमी आली. उद्या हरताळ. राज्यभर कडकडीत बंद. कशासाठी ते आता आठवत नाही, त्या दिवशीही कुणाला नीट सांगता येत नव्हतं. दुकानं बंद, कचेऱ्या बंद, रस्ते मोकळे. दूध, पेपर, हॉस्पिटल आणि लग्नाची गाडी, एवढ्यांना सोडणार. गाडीच्या काचेवर 'विवाह' असा कागद डकवला की कुणी अडवत नाही. म्हणजे प्रसीताच्या लग्नाला धोका नव्हता. धोका होता तो थंकमणी चेचींकडून.

झालं होतं असं, की आधीच्या एका हरताळात आमचा एक उत्साही कारकून घरून काम करताना सापडला, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीच्या नव्या कोऱ्या काचा रस्त्यावर सापडल्या. तेव्हापासून चेची हरताळाच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांची खाती बंद करायच्या.

"कुट्टाप्पनचं नको," मी म्हटलं.

"का? तो काय वेगळा आहे? स्टाफ आहे तो."

"हॉस्पिटलं उघडी आहेत, चेची. रिपोर्ट कोण पाठवणार?"

"विचारलंय मी सुगुणनला. त्यानं एका माणसाला आत सोडायचं कबूल केलंय. आणि हे काम हातानं करता येतं ते एकट्या प्रसीताला." चेचींनी माझ्याकडे न बघता फोन जवळ ओढला. "सकाळी येईल, दुपारी जाईल. मुहूर्त जरा पुढे सरकवता येतो का बघू दे त्यांना."

"देवळातला मुहूर्त? रांगेत दुसरी वरात उभी असते तिथं!"

"मग तू सुगुणनशी बोल. संध्याकाळपर्यंत मी थांबते."

सुगुणन म्हणजे युनियनचा सेक्रेटरी. शाळेत माझ्या पाठीमागच्या बाकावर बसायचा, माझ्या शर्टाला शाई पुसायचा. एरवी मी त्याला सुगुणा म्हणतो. काम असलं की सखावे म्हणतो, म्हणजे कॉम्रेड. मी पोचलो तेव्हा तो युनियनच्या कचेरीच्या पायरीवर बसून लाल कापडाला काठी लावत होता.

"सखावे," मी म्हटलं.

"बोल, काय हवंय?" तो वरसुद्धा न बघता म्हणाला.

"आमच्या कुट्टाप्पनला उद्या काम करू दे."

"हरताळ फोडायला माणूस आणलात आणि वर मलाच विचारता?"

"माणूस नाही रे तो. तुझ्या घरी पाण्याची मोटर आहे ना, टाकी रिकामी झाली की आपली आपण सुरू होते? तिला तू हरताळात अडवतोस?"

सुगुणननं काठी खाली ठेवली. "माझ्या मोटरीला घराचं नाव आहे?"

"नाही."

"वाढदिवसाचा केक?"

मी त्याच्या लाल कापडाची सुरकुती सरळ करायला लागलो.

"किरकोळ रजा आहेत मोटरीला? तुमच्या कुट्टाप्पनला बारा आहेत, मी विचारून आलोय. माझ्या पोरांना दहा मिळवायला मी उपोषणाला बसलो होतो. पगार नाही, पण रजा आहेत. लोनप्पा, असा माणूस म्हणजे साहेबाचा जावईच असणार."

"सखावे, उद्या त्या प्रसीताचं लग्न आहे. कुट्टाप्पन थांबला तर तिला मांडवातून उठून यावं लागेल."

सुगुणन जरा विरघळला. लाल कापडाचा एक कोपरा दातात धरून त्यानं विचार केला. "हे बघ. वस्तू असेल तर तिला हरताळ नाही. माणूस असेल तर आहे. दोन्हीकडून खायचं चालणार नाही. वस्तू म्हणतोस ना? मग आज त्याला स्टाफमधून काढ. उद्या मी स्वतः येऊन सांगेन पोरांना, आत कुणी नाही म्हणून."

मी परत धावलो. आता कुट्टाप्पनला काढायचं म्हणजे राजीनामा हवा. तो मी उभ्या उभ्या लिहिला. थंकमणी चेचींनी वाचला, चष्मा काढला, परत घातला.

"एक महिन्याची नोटीस."

"चेची, संध्याकाळ होत आली!"

"नोटीस भरल्याशिवाय मी सख्ख्या भावालाही सोडलं नाही. दोनच सवलती आहेत. एक मेला तर. दुसरी, गल्फचा व्हिसा आला तर."

मारायचा विचार माझ्या मनात येऊन गेला, नाही असं नाही. पण तेक्केक्करा घराण्यातला मेला म्हणजे चर्चची घंटा आली, पाद्रीबाबा आले, वासराचं मटण आलं, आणि बायकोनं विचारलं असतं, पुरलं कुठे? मी म्हटलं, "व्हिसा आलाय."

चेचींचा चेहराच बदलला. आमच्या भागात गल्फचा व्हिसा म्हटलं की नियमसुद्धा उठून उभे राहतात. "कुठला?"

"शारजा."

"तिथं ओळखीचं कुणी आहे का?"

"प्रसीताचा नवरा."

"मग काळजी नाही." त्यांनी शिक्का मारला. शाई वाळावी म्हणून वर फुंकरही घातली. "मोठा गुणी मुलगा. उलटून कधी बोलला नाही. पोचला की कळवायला सांग हं."

आणि मंडळी, त्यानं कळवलं! महिन्याभरात चेचींच्या नावानं शारजाहून पुडकं आलं. कुट्टाप्पनकडून.

"काय होतं आत?" औसेप्पनं विचारलं.

साबण, टायगर बाम आणि अत्तराची बाटली.

"बरोबर," औसेप्पनं मान डोलावली. "तेच येतं तिकडून."

पण शिक्का मारल्यावर चेचींना शुद्ध आली. "अरे, मग उद्या रिपोर्ट कोण पाठवणार?"

"खातं. मी पहिल्या दिवशी मागितलं होतं ते. कुणाचंच नसलेलं."

"आणि कान?"

"हा घ्या." मी डावा कान पुढे केला. "जबाबदार म्हणून माझं नाव लिहा. आणि जोडीला प्रसीताचं. एक रजेवर असला तर दुसऱ्याचा धरा. आम्ही दोघं काही एकदम लग्न करणार नाही ना?"

त्यांनी खरोखर माझा कान धरून पाहिला. मग म्हणाल्या, "कर."

मग मी बसलो आणि ते खातं असं घडवलं की काय सांगू. घराचं नाव नाही, फोटो नाही, वाढदिवस नाही, रजा नाही. कचेरीत दारं शेकडो, पण याला दोनच उघडतात. एकातून रिपोर्ट उचलायचा, दुसऱ्यात ठेवायचा. तिसऱ्या दारातून डोकावायचीसुद्धा सोय नाही. पासवर्ड इतका लांब की मी तो वाचलाही नाही. तो बनवते एक तिजोरी, कॉम्प्युटरच्या पोटातली. तीच तो जपते, तीच अधूनमधून बदलते, आणि रोबोला हवा तेव्हा गुपचूप त्याच्या हातात ठेवते. कुणी माणूस खुर्चीत बसून त्या नावानं आत यायला गेला, तर दार उघडतच नाही. एकदा चालवून पाहिलं. चपला बाहेर काढून आत गेल्यासारखा गेला, काम केलं, बाहेर आला. मग मी प्रसीताला फोन केला.

"मोळे, कुट्टाप्पन गल्फला गेला."

"अय्यो! मग मी सकाळी कचेरीत येऊ?"

"कशाला? लग्न कर."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ, "फोन वाजला तर बघा हं."

दुसऱ्या दिवशी हरताळ. सगळं शहर झोपल्यासारखं. कचेरीचं शटर खाली, आत अंधार, आणि आत रिपोर्ट मात्र सटासट चाललेले. सुगुणन झेंडा घेऊन पोरांबरोबर आला. त्यानं शटरला कान लावला. पोरांनीही लावला. "कुणी नाही," तो म्हणाला. "मोटर आहे." आणि पोरं घोषणा देत पुढे गेली.

तिकडे गुरुवायूरला मांडवात प्रसीता उभी. गर्दी ही! विनीशनं ताली उचलली, सनईवाल्यानं गाल फुगवले. तिचा फोन होता तिच्या मावशीच्या पिशवीत, आणि तिचा एक डोळा त्या पिशवीवर. ताली बांधली. गाठ बसली. फोन गप्प. हार घातले. फोन गप्प. तेव्हा ती मुलगी जी हसली, औसेप्प, ती सगळा मांडव सोडून माझ्याकडे बघून हसली.

"तुम्ही होतात तिथं?"

होतो म्हणजे? पहिल्या रांगेत! दोन पायसम खाऊन आलो. सकाळी कचेरीवर एक नजर टाकली, तिथून चालत त्रिशूरच्या स्टँडवर गेलो आणि गुरुवायूरची बस पकडली. बस इतकी भरलेली की पाय ठेवायला जागा नाही, पण ड्रायव्हरला कळलं होतं मी काय करून आलोय ते. त्यानं मला खिडकीजवळ बसवलं. कंडक्टरनं तर तिकीट घ्यायलाच नकार...

औसेप्पची चहाची धार हवेतच थांबली. त्यानं भांडं खाली ठेवलं, खांद्यावरच्या पंच्याला हात पुसले आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "लोनप्पेट्टा, तुमच्या कुट्टाप्पननं केक कापला, मी ऐकून घेतलं. त्याला सोयरिक आली, ऐकून घेतलं. तो शारजाला गेला आणि तिथून त्यानं साबण पाठवला, तेही मी मानलं. पण हरताळाच्या दिवशी त्रिशूरहून बस? खोटं! साफ खोटं!"